बारक्या

पामबीचच्या टॉवरात त्याचं नाव होतं बॅरन.
वॉर्डरोबचं काम संपलं, मालक कॅनडाला निघाले
आणि उरलेल्या सनमायकाच्या तुकड्यांबरोबर
हाही टेम्पोत चढला.
शालनच्या जिभेवर दोन दिवसांत बॅरनचा बारक्या झाला.
कोपरखैरण्याच्या आमच्या दीड खोलीत
ग्रेट डेन जातीचा बारक्या.
तो वळला की खुर्ची उचलून धरावी लागे.

दवाखान्यातला काटा त्याला पुरला नाही.
कांदा-बटाटा मार्केटात शिवमूर्तीच्या काट्यावर
गोण्या बाजूला सारून उभा केला.
अडुसष्ट.
हमाल म्हणाले, गोणीवर अठरा किलो.
तिथेही तो पुढचा डावा पाय
उचलूनच उभा होता.

डॉक्टरीणबाईंनी एक्सरे उजेडावर धरला.
मनगटाच्या वरचं हाड
भुंग्यानं खाल्लेल्या आंब्याच्या फळीसारखं,
कडा शाबूत, आत भुसा.
त्यांनी रोगाचं लांबलचक नाव सांगितलं.
मला त्याआधीच कळलं होतं.
तीस वर्षं गिऱ्हाइकांना सांगत आलोय,
किडका भाग ठेवू नका, आख्खं दार जाईल.
किती सहज सांगत आलोय.

खांद्यापासून काढावा लागेल, म्हणाल्या.
फुप्फुसं आज तरी स्वच्छ आहेत.
काढला, औषधं मानवली, तर वर्षभर. कदाचित.
नाही काढला तर दुखणं,
आणि एखाद्या दिवशी जिन्यावर काडकन.
काडकन त्या म्हणाल्या नाहीत. तो शब्द माझा.
वय साडेसहा. एवढ्या थोराड जातीला आठ-नऊ म्हणजे पुष्कळ.
मग हा म्हातारा की तरणा?
दोन्ही, म्हणाल्या.

रात्री प्लायच्या तुकड्यावर पेन्सिलीनं मांडून बघितलं.
तिवई कधी डुगडुगत नाही,
कसल्याही जमिनीवर ठाम बसते.
लंगडतं ते चार पायांचं टेबल.
पण तिवईचे पाय मी आधीच ठरवून फाकवतो,
आणि तिला पुढे झुकलेली मान नसते,
एवढं मोठं डोकं नसतं,
बेल वाजली की ती दाराकडे धावत नाही.
पेन्सिल तिथेच थांबली.
खाली खर्चाचा आकडा लिहिला,
त्याच्यासमोर रंधा मशीन, असं लिहून खोडलं.

शालन म्हणाली, "वर्षभर तो आपल्याला हवाय
म्हणून कापायचा. त्याला विचारलंय कुणी?"
मग स्वतःच उठली, त्याच्या कानाशी जाऊन बसली
आणि काहीच विचारलं नाही.
शेजारच्या घरतांचा लोकेश दारात उभा.
"काका, मग खांबापाशी तंगडी वर करताना
तो दोनच पायांवर उभा राहणार?"
हसलो आम्ही. खरंच हसलो.
शालन आधी थांबली.

पहाटे साडेचारला त्याला खाली नेला.
लावलेल्या रिक्षांच्या मधून,
दुखरा पाय छातीशी धरून,
कुणी सांभाळायला दिलेली वस्तू असावी तसा,
खांबापर्यंत गेला, हुंगलं, परत आला.
जाताना बावीस वेळा जमिनीला पाय लागले असतील,
येताना जास्त. मी मोजत होतो.
चौथा एकदाही टेकला नाही.
त्याला त्याची गरज वाटली नसावी.
किंवा वाटली असेल,
मला बरं वाटावं म्हणून त्यानं दाखवलं नाही.
कुत्र्यांचं तसंही असतं.

तिथून तसाच तुर्भ्याला, गाळ्यावर.
एकोणीस एमएमचा प्लाय काढला,
दारातल्या दोन पायऱ्यांच्या मापानं कापला,
घसरू नये म्हणून वरती काथ्या.
एका टोकापासून ठोकत निघालो.
नऊला फोन वाजला, स्पीकरवर टाकला.
"काय ठरलंय तुमचं?"
डॉक्टरीणबाई थांबल्या. पुन्हा विचारलं.
माझ्या तोंडात खिळे होते.